बोटीची वाट पाहणारी ताई

"ए, बोट आली का गं?"

ताईचा दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा. डोळे उघडायच्या आधी, पांघरुणाच्या आतून. आमच्या खोलीत खिडकीकडची कॉट माझी होती आणि भिंतीकडची तिची, कारण खिडकीतून समुद्र दिसायचा आणि समुद्र समोर असला की डोळ्याला डोळा लागत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे जेट्टीला बोट लागली की नाही हे बघून सांगायची नोकरी आपोआप माझ्याकडे आली. मी "आली" म्हटलं की ती उठून चहा टाकायची. "अजून नाही" म्हटलं तरी उठून चहाच टाकायची, पण तो हमखास उतू जायचा.

एकदा मी वैतागून विचारलं, "ताई, तुझं असं काय यायचंय त्या बोटीतून?"

"माझं काय यायचंय? काही नाही," ती म्हणाली. "पण ती येती-जाती म्हणजे रस्ता चालू आहे की. एस.टी. बंद पडली की आमच्याकडं पण असंच वाटायचं. जायचं कुठंच नसलं तरी."

आम्ही राहत होतो ते बेट क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापासून बोटीने दोन तासांवर. एक दुकान, एक पब, एक शाळा, एकटी नर्स चालवायची असा दवाखाना आणि आमच्या युनिव्हर्सिटीचं छोटं रिसर्च स्टेशन. सकाळी चालायला निघालं तर जेवायच्या वेळेआधी बेट संपायचं. स्टेशनजवळच मॉरीन नावाची एक म्हातारी विधवा बाई राहायची. तिच्या परसातली दोन खोल्यांची जागा आम्हा दोघींना भाड्याने मिळाली होती. मी पुण्याहून मास्टर्स करायला आलेली, तेवीस वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी. ताई चाळिशीकडे झुकलेली, पीएचडीसाठी आलेली, बार्शीची.

बार्शीत ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर बॉटनी शिकवायची आणि दुष्काळी जमिनीत उगवणाऱ्या गवतावर काम करायची. स्कॉलरशिप मिळाली ती समुद्रात उगवणाऱ्या गवतासाठी. "गवत ते गवत. पाण्याखाली असलं म्हणून काय झालं?" असं तिने मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं म्हणे, अर्थात इंग्रजीत. पाण्याची आपल्याला भयंकर भीती वाटते, हे मात्र तिने मुलाखतीत सांगितलं नव्हतं. घरी शाळामास्तर नवरा आणि पाच वर्षांची ओवी. दोघांच्या व्हिसाचे कागद तिने येतानाच भरले होते. मे महिन्यात ते येणार, ओवी बेटावरच्या शाळेत जाणार, असं सगळं ठरलेलं होतं. शाळेच्या कुंपणापाशी उभं राहून तिने मला ओवीचा वर्ग कुठला असेल तेसुद्धा दाखवलं होतं.

बोटीत ती मधोमध बसायची, डोळे मिटून, माझा हात घट्ट धरून. आणि काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं रामरक्षा असेल. कान देऊन ऐकलं तर बाई म्हणत होती, "बार्शी, पानगाव, वैराग, वडाळा, सोलापूर." समुद्र शांत असला की सोलापूर यायच्या सुमाराला किनारा दिसायला लागायचा. लाटा असल्या की ती सोलापूरहून परत बार्शीला यायची, पुन्हा निघायची. पहिल्यांदा आम्ही बेटावर आलो तेव्हा तिच्या किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. उतरल्यावर ती जेट्टीच्या फळ्यांवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता मला इथनं हलवायचं नाही कुणी."

तिचं म्हणणं इतकं शब्दशः खरं होईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मार्च महिन्यात कोरोना आला आणि सगळं बंद झालं. स्टेशनवरचे ऑस्ट्रेलियन विद्यार्थी दोन दिवसांत आपापल्या घरी गेले. आम्हाला सुपरवायझरने ईमेल केली की तुम्हीही मेनलँडवर येऊ शकता, पण एकदा बेट सोडलं तर परत आत कधी सोडतील सांगता येत नाही. ताईच्या गवताची मापं दर पंधरवड्याला घ्यायलाच हवी होती, नाहीतर वर्ष वाया. मेनलँडवर आमचं कोण बसलं होतं? ओळखीच्या सगळ्या पोरांच्या नोकऱ्या गेलेल्या, एकेका खोलीत चारचार जणं. आम्ही बेटावरच राहिलो. रोजची बोट आठवड्यातून दोनदा झाली, तीही फक्त बेटावर घर असलेल्यांसाठी. बोट नसलेल्या दिवशीही ताई सकाळी विचारायचीच. मी म्हणायचे, "ताई, आज बुधवार." त्यावर ती म्हणायची, "तरी बघ की जरा."

माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. बेटावर एकच नर्स, व्हेंटिलेटर नाही, निम्मी वस्ती म्हाताऱ्यांची. पूर्वी रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी आम्हाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायची, ती तिथली पद्धत. ते बोट आता उचललं जाईनासं झालं. ताई मात्र प्रत्येक गाडीला पूर्ण हात वर करून हलवायची. मग बेटाच्या फेसबुक पेजवर कुणीतरी लिहिलं की युनीचे विद्यार्थी अजून इथे का आहेत. नाव नव्हतं, पण आमच्याशिवाय उरलं होतंच कोण? ताईने ते इतक्या वेळा वाचलं की शेवटी मी तिचा फोन लपवून ठेवला.

त्या दिवसापासून तिने नियम काढला: घराबाहेर खोकायचं नाही. दुकानात जायच्या आधी आलं-हळद-मध घोटून मला चमचाभर चाटवायची, स्वतः चाटायची. दुकानात घसा खवखवला तर मी श्वास कोंडून, डोळ्यांत पाणी आणून, मसूर न घेताच बाहेर पळायचे. "शिंक आली तर?" मी एकदा विचारलं. "गिळ," ताई म्हणाली. तिला विनोद करायचा नव्हता. आपल्या एका खोकल्याने आपल्याला बोटीत बसवतील, मग विमानात बसवतील, आणि पीएचडी, व्हिसा, ओवीची शाळा सगळं त्या खोकल्याबरोबर जाईल, अशी भीती तिच्या मनात कायमची बसली होती. खरं सांगायचं तर माझ्याही. फक्त ती बोलून दाखवायची आणि मी तिची चेष्टा करायचे.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी तिला कटाची आमटी करायची लहर आली. बार्शीहून आणलेल्या मिरच्यांच्या शेवटच्या चार-दोन उरल्या होत्या, त्या तिने फोडणीत टाकल्या. खिडकी उघडी. वारा मॉरीनच्या घराकडे. मला ठसका लागला, ताईला लागला, आणि दोन मिनिटांनी परसाच्या पलीकडून मॉरीनच्या खोकल्याचा आवाज आला. आम्ही तिघी तीन ठिकाणी खोकत होतो. मॉरीनने घाबरून नर्सला फोन केला.

नर्स आली ती डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये. ताईने तिला कढई दाखवली, मिरच्या दाखवल्या, "फोडणी, फोडणी, इट इज ओन्ली फोडणी!" म्हणून गयावया केली. नर्सने शांतपणे आमच्या नाकात काड्या घातल्या. स्वॅब बोटीने मेनलँडला जाणार होते आणि बोट मंगळवारी. रिपोर्ट येईपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पहिल्यांदाच त्या बोटीत आमचं काहीतरी होतं. ताई भिंतीकडच्या कॉटवरून उठून माझ्या कॉटवर येऊन बसली, समुद्राकडे तोंड करून. तीन दिवस ती तिथून फारशी हललीच नाही. ती आमटी आम्ही कुणीच खाल्ली नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आले. दुसऱ्या दिवशी दारात एक झाकणाचं भांडं ठेवलेलं. जाड, चिनी मातीचं, पांढऱ्यावर निळी फुलं, झाकणाच्या कडेला टवका उडालेला. आत गरमगरम पास्ता, वर वितळलेलं चीज. मॉरीन कुंपणापलीकडून ओशाळलेल्या आवाजात ओरडली, "सॉरी, लव्ह! टूना बेक!" ताई शुद्ध शाकाहारी. तिने झाकण उघडलं, वास घेतला, परत ठेवलं आणि म्हणाली, "किती प्रेमानं केलंय गं. खा तू."

मी खाल्लं, भांडं घासलं आणि परत द्यायला निघाले तर ताई दारात आडवी. "रिकामं?"

"रिकामंच. मग काय?"

"रिकामं भांडं परत देतात का कधी? काय शिकवलंय का नाही तुला पुण्यात?"

घरात रवा आणि साखर होती, तूप तळाला गेलेलं. तिने शिरा केला, वरून आमच्याकडचे शेवटचे बदाम लावले. मॉरीनला तो इतका आवडला की दोनच दिवसांनी त्याच भांड्यात स्कोन्स नावाचे छोटे गोडसर पाव आले. ताईने थालीपीठं भरली. पलीकडून बटाट्याचा बेक आला, या वेळी मासा नसलेला. दुकानात पीठ मिळेना तेव्हा ताईने उकडलेल्या शेंगा भरल्या, पण भांडं काही रिकामं जाऊ दिलं नाही. बेटावर वस्तूंची ओढाताण, आणि त्या एका भांड्यामुळे दोन्ही घरांत दर दोन दिवसांनी 'आता काय भरायचं' ही चिंता. शेवटी एके दिवशी मॉरीन कुंपणापाशी आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "लव्ह, मला खरं तर फक्त माझं भांडं परत हवं होतं. माझ्याकडे तेवढं एकच आहे." मी ते ताईला सांगितलं नाही. मॉरीननेही नंतर तो विषय काढला नाही, आणि भांडं येत-जात राहिलं.

पुढे फेसबुकवर पुन्हा कुणीतरी आमच्यावर घसरलं, तेव्हा मॉरीनने खाली एकच ओळ लिहिली: "त्या माझ्याकडे राहतात." त्यानंतर गाड्यांतली बोटं हळूहळू उचलली जायला लागली. ताई त्या दिवशी रडली. आनंदाने की कशाने, तिचं तिलाच ठाऊक.

कामाला आम्ही ओहोटीला जायचो. पाणी मागे सरलं की चिखलात ते गवत आडवं पडलेलं दिसायचं, हिरवंगार. पाणी घोट्याएवढंही नसायचं. तरी ताई एका हाताने मोजपट्टी आणि दुसऱ्या हाताने माझी बाही धरून असायची. "भरती चालू झाली का गं?" एकदा गवताच्या पात्यांवर वाकली की मात्र तिला भीती आठवायची नाही. एखादं नवं पातं फुटलेलं दिसलं की "हे बघ, हे बघ" म्हणून चिखलात गुडघे टेकायची. ते गवत किती काय काय सोसतं, हे सांगताना तिचा आवाज कॉलेजातल्या बाईंसारखा व्हायचा. आपण पुढेमागे याच्यावर पुस्तक लिहायचं, असं तिच्या मनात होतं.

आमच्या घरात मोबाइलला सिग्नल नव्हता, स्टेशनच्या वायफायवर ईमेल आणि फेसबुक तेवढं कसंबसं उघडायचं. तो होता जेट्टीच्या अगदी टोकाला, जिथे खाली, डावीकडे, उजवीकडे फक्त पाणी. रोज संध्याकाळी, बार्शीत दुपारची जेवणं उरकली की, ताई तिथे जायची. जेट्टीवर पाऊल टाकताना तिचं पुटपुटणं सुरू व्हायचं आणि टोकाशी पोचली की डाव्या हाताने लाकडी खांबाला मिठी मारून उजव्या हातात फोन धरायची. मी मागे उभी. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसायचं. तिकडे ती एकदाही बघायची नाही.

"आई, तू कधी येणार?" ओवी विचारायची.

"बोट आली की," ताई म्हणायची.

पोरीने ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न, "आई, बोट आली का?" तीच धाटणी, तोच सूर. मला हसू आलं. ताईलाही आलं. मग मे गेला, व्हिसाचं काम जागच्या जागी थांबलं, दिवाळी गेली, नवं वर्ष आलं. वादळाच्या मोसमात बोट कधी कधी आठवडाभर यायची नाही. ओवी विचारत राहिली आणि ताई 'अजून नाही बाळा' म्हणत राहिली. एका संध्याकाळी फोन झाल्यावर परत येताना ताई अर्ध्या जेट्टीवर थांबली. "आज तिनं विचारलं नाही गं," ती म्हणाली.

पुढे ओवी फोनवर यायचीच कमी झाली. "खेळती आहे," भाऊजी सांगायचे. "बोलावू का?" ताई म्हणायची, "नको, खेळू द्या." आणि तरी फोन चालू ठेवून, खांबाला धरून, पलीकडून येणारा पोरांचा गलका ऐकत उभी राहायची.

तिने निघून जावं की राहावं, हा विचार आमच्या घरात तिसऱ्या माणसासारखा वावरत होता. आम्ही स्टुडंट व्हिसावाल्या. "जायला आपल्याला कोणी अडवत नाही," ताई म्हणायची, "आणि परत यायला कोणी घेत नाही." गेली तर पीएचडी गेली, आणि तिच्याबरोबर ओवीला इथे शिकवायचं स्वप्न गेलं. राहिली तर ओवी दुरावत होती, हे तर रोज ऐकू येत होतं. रात्री जेवताना तिचं जायचं पक्कं व्हायचं आणि सकाळी ओहोटीला गवत बघितलं की राहायचं पक्कं व्हायचं. ती मला विचारायची, "तू काय केलं असतंस?" मी म्हणायचे, "राहिले असते." मला तेच खरं वाटत होतं, आणि ती गेली तर त्या बेटावर मी एकटी उरेन याची मला भीती वाटत होती, हेही तितकंच खरं होतं.

दुसऱ्या वर्षी, एप्रिल संपता संपता, भाऊजींचा फोन आलाच नाही. शेजारच्या काकूंचा आला. भाऊजींना ॲडमिट केलंय, ऑक्सिजन लावलाय, ओवी आमच्याकडे आहे, तुम्ही काळजी करू नका. ताईने तिथेच खांबाला धरून मला सांगितलं, "मी चालले." पुढचं कुठलंच गणित तिने मांडलं नाही. मेनलँडवरच्या मराठी मंडळींनी धावपळ करून दोन विमानं बदलून मुंबईला पोचवणारं तिकीट मिळवलं. शुक्रवारच्या बोटीने निघायचं होतं.

शुक्रवारी ताईने पहाटेच बॅग दारात आणून ठेवली. मी खिडकीशी बसले. समुद्र खवळलेला होता, वाऱ्याने जेट्टीवरचा झेंडा फाटायला आला होता. "बोट आली का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. इतके दिवस तो प्रश्न मी चेष्टेवारी नेला होता, त्या दिवशी मला तोंडातून 'नाही' काढवेना. दुकानाबाहेर पाटी लागली, बोट रद्द. ताईने जाऊन ती पाटी वाचली, परत येऊन दारातल्या बॅगेशेजारी मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. "एवढ्यासाठीच बघत होते गं मी रोज," ती म्हणाली. "मला माहीत होतं, लागंल त्या दिवशीच येणार नाही ती."

मॉरीनने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि घरात जाऊन फोन फिरवायला सुरुवात केली. डिझेलची पिंपं पोचवणारा एक बार्ज दुसऱ्या धक्क्याला होता आणि वारा जरा पडला की तो परत निघणार होता. त्याच्या मालकाला मॉरीन त्याच्या लहानपणापासून ओळखत होती. दुपारी तिनेच आम्हाला गाडीतून तिकडे नेलं. ताईला पिंपांच्या शेजारी बसायला जागा मिळाली. मॉरीनने तिच्या मांडीवर निळ्या फुलांचं भांडं ठेवलं. आत बटाट्याचा बेक होता, अजून कोमट.

"वाटेत खा. भांडं राहू दे," ती म्हणाली.

"नो, नो, मॉरीन. आय विल ब्रिंग," ताई म्हणाली. बार्ज हलायला लागला तशी ती ते भांडं दोन्ही हातांनी उचलून आम्हाला दाखवत ओरडली, "भांडं माझ्याकडं आहे! म्हणजे यावंच लागंल! सांग तिला!"

मी सांगितलं. मॉरीन ओरडली, "नो वरीज, लव्ह! नो रश!" लाटेवर बार्ज वरखाली होत होता. ताईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. या वेळी सोलापूरहून बार्शी असणार.

भाऊजी वाचले. ओवी मात्र पहिले काही दिवस काकूंच्या पदराआडून बघत राहिली. आईकडे आली नाही. आणि एकदा आली ती नंतर आईला सोडेना. बाथरूमच्या दाराशीसुद्धा बसून राहायची. मी बेटावर उरलेले महिने काढले, मॉरीनबरोबर जेवले, गवताची मापं घेऊन ताईला पाठवत राहिले. मग सरहद्दी उघडल्या. मला ब्रिस्बेनला नोकरी लागली, पुढे पी.आर.ही, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, तिथल्याच स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेले. ताईचं मात्र 'या सेमिस्टरला', 'पुढच्या सेमिस्टरला' चाललं होतं. शेवटी सुपरवायझरने कळवलं, फेब्रुवारीपर्यंत आलीस तर जागा आहे, नंतर नाही.

त्या दिवाळीला मी पुण्याला आले होते, तशीच बार्शीला गेले. भांडं फ्रिजवर होतं, स्वच्छ पुसलेलं, खाली क्रोशाचा रुमाल. कोणी विचारलं, "मग, जाणार का परत?" की ताई तिकडे बोट दाखवून म्हणायची, "जावंच लागंल. मॉरीनचं भांडं आहे माझ्याकडं." माझ्यासमोरही दोन वेळा म्हणाली. ओवी आता मोठी झाली होती, पण बसायची आईला चिकटूनच, आणि हे वाक्य आलं की चूप व्हायची. तिकिटांच्या चौकशा चालल्या आहेत, असं भाऊजी मला म्हणाले. "तिनं जायलाच पाहिजे," हेही म्हणाले.

निघायच्या दिवशी मी चपला घालत होते तेव्हा ओवी आतून आली. दोन्ही हातांत ते भांडं. खुर्चीवर चढून तिने स्वतःच फ्रिजवरून काढलं होतं. आत काठोकाठ शंकरपाळी.

"मावशी, हे तू मॉरीनआजीला दे," ती म्हणाली. "रिकामं नाहीये, बघ. मी भरलंय."

मी ताईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"आता आईला जावं लागणार नाही ना?" ओवीने विचारलं.

मला वाटलं ताई ते भांडं तिच्या हातातून घेईल, परत फ्रिजवर ठेवेल आणि पोरीला काहीतरी समजावेल. तिने भांडं घेतलं खरं. झाकण नीट बसवलं. आतून एक जुना टॉवेल आणला, भांड्याभोवती गुंडाळला, चारी टोकं आवळून गाठ मारली. मग ते माझ्या हातात दिलं.

"नीट ने गं," ती म्हणाली. "आणि हे बघ, झाकणाचा तो टवका आधीपासूनचा आहे. मॉरीनला सांग. आपण फोडलं असं वाटायला नको तिला."

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला, "बिस्किट्स?" म्हणाला आणि जाऊ दिलं. मॉरीनला मी फोनवर एवढंच कळवलं होतं की शनिवारच्या बोटीने येतेय, ताईकडून काहीतरी घेऊन. मेनलँडच्या धक्क्यावर उभी होते तेव्हा बार्शीहून फोन आला.

"बोट आली का गं?"

"आली, ताई."

"बरं," ती म्हणाली. "आणि मधे बस. कडेला बसू नको."

बेटाच्या जेट्टीवर मॉरीन काठी टेकत आली होती. केस विंचरलेले, ठेवणीतला शर्ट. मी उतरले तरी तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. माझ्या खांद्यावरून ती बोटीकडे बघत होती. एकेक जण उतरत होता, ती प्रत्येकाचा चेहरा बघत होती. मग मी टॉवेलची गाठ सोडली, तिला निळी फुलं दिसली आणि तिने बघायचं थांबवलं.

ताईने सांगितलं होतं तेवढंच मी सांगितलं. झाकणाचा टवका आधीपासूनचा आहे.

"आय नो, लव्ह," मॉरीन भांडं छातीशी धरत म्हणाली. "तो माझ्याच हातून उडाला होता."